मागचा हात

त्या बाईंचं खरं नाव इस्पितळात कुणालाच आठवत नाही, आणि त्यांना स्वतःला विचारलंत तर त्याही क्षणभर थांबतील. सगळे त्यांना पिनाताई म्हणतात. एक्स-रेच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "पिना काढा, कानातलं काढा, गळ्यातलं काढा, दात लावलेले असतील तर तेही काढा." या बसा नाही, कसं वाटतंय नाही. एकदा एका बड्या साहेबांनी "माझे दात माझेच आहेत" असं ठणकावून सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "तसं सगळेच म्हणतात. आ करा, बघते." साहेबांनी आ केला. खालचे चार तारेने अडकवलेले निघाले. साहेब गोरेमोरे झाले, बाईंनी वाडगं पुढे केलं आणि त्या कामाला लागल्या.

बाई खाष्ट नाहीत हो. त्यांचं म्हणणं सरळ आहे. धातू फोटोत पांढराफटक येतो आणि मागचं सगळं गिळून टाकतो. मागे एकदा एका मुलीच्या केसातला आकडा कानशिलावर सावली पाडून गेला, नव्या डॉक्टरांना ती कवटीची चीर वाटली आणि पोरीचे आईबाप रडून रडून अर्धे झाले. तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला. आधी सगळं काढायचं, मग बोलायचं.

आणि डोकं-मान हा तर त्यांचा हातखंडा विषय. इतर तंत्रज्ञ पाय-गुडघे खुशाल घेतात, पण मानेचा पेशंट आला की हाक जाते ती पिनाताईंना. कपाळाचं हाड जाड असतं, सहसा दाद देत नाही; कानशिलाचं पातळ, तिथे लागलं तर हसण्यावारी न्यायचं नाही. चेहऱ्यात सगळ्यात जास्त मोडतं ते नाक, कारण ते सगळ्यांच्या पुढे असतं. जबडा बांगडीसारखा, एकीकडे तडकला की बहुतेक वेळा दुसरीकडेही तडकलेला असतो, म्हणून एक चीर सापडली की बाई दुसरी शोधायला लागतात. मानेचे मणके सात. शेवटचा खांद्यांच्या आड लपतो, म्हणून आडदांड माणसाचे हात दोघांनी खाली ओढून धरायचे, सातवा दिसल्याशिवाय फोटो झाला असं म्हणायचंच नाही. तरणी पोरं गाडीवरून पडतात, उथळ पाण्यात डोक्यावर उडी मारतात, त्यांचं मोडतं खालच्या बाजूला, पाचव्या-सहाव्याला. म्हातारी माणसं घरातल्या घरात पडतात, कपाळावर टेंगूळ येतं, आणि मोडतं ते थेट वर.

वरचा पहिला मणका म्हणजे नुसतं कडं. त्याच्यावर कवटी बसलेली. दुसऱ्या मणक्याला एक खुंटी असते, ती या कड्यात वर गेलेली असते, आणि त्या खुंटीभोवती कडं फिरतं म्हणून आपण नाही-नाही म्हणून मान हलवू शकतो. खुंटीच्या पाठीला लागूनच सगळा जीव खाली उतरतो, मेंदूकडून अंगाकडे जाणारा. म्हातारपणी ही खुंटी बुडाशी तडकते. तडकली तरी कधीकधी जागची हलत नाही, माणूस चालतो-बोलतो, मान अवघडली म्हणतो. हलली तर मात्र बोलणंच संपतं. ही खुंटी बघायची एकच साधी युक्ती: माणसाला उताणं निजवायचं, मोठा आ करायला लावायचा आणि उघड्या तोंडातून फोटो घ्यायचा.

तर अशा या बाई. पायाला भिंगरी बांधल्यासारख्या. दोन पेशंटच्या मध्ये जरा उसंत मिळाली तरी बसायच्या नाहीत. टेबल पुसतील, शिशाचे झगे एका रांगेत टांगतील, पुन्हा काढून पुन्हा टांगतील. पण घरी गेल्या की याच बाईंची अगदी गोगलगाय व्हायची, आणि त्याला कारण होते आप्पा.

आप्पा म्हणजे त्यांचे सासरे. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी बसस्थानकावर घोषणा देण्यात घालवली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीशी रडत उभं आहे. आवाज असा की पेंगलेला माणूस पिशवी उचलून उभा राहावा. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी बाजारात कुणीतरी भेटतंच, म्हणतं, आप्पा, एक होऊन जाऊ द्या. मग आप्पा आढेवेढे घेतात, घसा खाकरतात आणि एकेक अक्षर घासूनपुसून घोषणा करतात. आणि मग हमखास सांगतात, "आवाज दातांत असतो, लेको. या वयात बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत."

बत्तीसच्या बत्तीस. ऐका आता.

लग्न होऊन आल्या त्या वर्षीच पिनाताईंना मोरीतल्या वरच्या फळीवर एक झाकणाचा पेला सापडला होता. साबण शोधत होत्या, झाकण उघडलं, आणि आत आप्पांचं हसू पाण्यात बुडालेलं. वरची कवळी अख्खी, टाळूला धातूचा पत्रा. खालची अर्धी, तारेच्या आकड्यांची. दारात सासूबाई उभ्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तो औषधाचा पेला आहे. त्याला हात लावायचा नाही." बस्स. त्यानंतर त्या विषयावर घरात कधी शब्द निघाला नाही.

शब्द निघाला नाही, पण घर सगळं त्या पेल्याभोवती फिरायचं. सफरचंद कागदासारखं पातळ कापलं जायचं, आणि आप्पांचं एकट्याचं नाही, सगळ्यांचं, म्हणजे त्यांना वेगळं वाटायला नको. सासूबाई वर म्हणायच्या, "हल्ली फळंच टणक येतात बाई." जेवताना टक असा आवाज आला की पिनाताई उठून पाणी आणायला जायच्या. आप्पांनी तोंडापाशी हात नेला की नवरा खिडकीबाहेर बघायचा, बाहेर काही असो नसो. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे नवऱ्याची नोकरी फिरतीची झाली, महिन्यातून दोनदा घरी यायचा, तरी आल्या आल्या त्याची मान बरोबर वेळेला खिडकीकडे वळायची. इतरांच्या घरी देव्हारा जपतात, या घरात कवळी जपली जायची.

आणि एका संध्याकाळी आप्पा पडले.

पडणं तसं किरकोळ. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायला बुटक्या स्टुलावर चढले, स्टूल डुगडुगलं, कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. सासूबाईंनी बर्फ धरला. आप्पा म्हणाले, "काही नाही, स्टूल उशिरा सुटलं, मी वेळेवर निघालो." सगळे हसले आणि जेवले.

सकाळी मात्र मान धरली होती. पिनाताई चहा घेऊन खोलीत गेल्या तर आप्पा गादीवरून उठत होते. एका हाताने हनुवटी धरलेली, घट्ट, आणि हळूहळू, कण्हत उठून बसत होते. पिनाताईंनी काय करावं? त्यांनी पटकन पाठ फिरवली. आपटल्यामुळे कवळी सैल झाली असणार, पडू नये म्हणून धरलीय बिचाऱ्यांनी, असं मनात म्हणाल्या, आणि कप ठेवायचा बहाणा करून खिडकीची कडी काढत बसल्या. इतक्या वर्षांची सवय. डोळ्यांनी पाहिलं, मनाने लगेच पडदा ओढला.

"आप्पा, माझ्याबरोबर चला. फोटो काढून टाकू म्हणजे मिटलं."

"मान अवघडलीय नुसती. तुला तर काय, सगळीकडे हाडंच दिसतात."

"हाडांचाच पगार घेते. चला."

इस्पितळात त्यांनी सगळं रीतसर केलं. बाजूचा फोटो घेतला. सात मणके एकाखाली एक, ओळीत, सातवासुद्धा स्वच्छ. समोरचा घेतला. मग उघड्या तोंडाचा. आप्पा टेबलावर उताणे पडलेले, डोळे छताला, आणि पिनाताईंच्या तोंडात ते ठरलेलं वाक्य आलं. पिना काढा. कानातलं काढा. पुढचं काही केल्या बाहेर पडेना. दारात सफाईवाली फडकं घेऊन उभी होती. काचेपलीकडे ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाई फोनवर बोलत होत्या. अन् ज्या माणसाने आयुष्यभर आवाज दातांत असतो म्हणून सांगितलं, त्याला सुनेने चारचौघांत वाडगं पुढे करायचं? त्या एवढंच म्हणाल्या, "आप्पा, आ करा. जमेल तेवढा."

आप्पांनी बेताचाच आ केला. का ते दोघांनाही आपापल्या मनात ठाऊक.

पडद्यावर फोटो आला. कडं दिसत होतं, दोन्ही बाजू दिसत होत्या, आणि बरोबर मधोमध, जिथे खुंटी दिसायची, तिथे एक पांढरा ठोकळा. दुसऱ्या कुणी असा फोटो आणला असता तर पिनाताईंनी त्याला फैलावर घेतलं असतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या पण डोळस होत्या. पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ताई, खुंटी झाकली गेलीय. पुन्हा घेता का?"

"त्यांचं तोंड एवढंच उघडतं," पिनाताई म्हणाल्या.

पिनाताईंचा शब्द त्या इस्पितळात कुणी पडू देत नसे. डॉक्टरीणबाईंनी आप्पांना विचारलं, हातापायाला मुंग्या येतात का, जोर लावा बघू. जोर शाबूत होता. "बाजूचा फोटो तर सरळ आहे. वेदनेच्या गोळ्या देते. दोन दिवसांत बरं वाटलं नाही तर शहरात मोठ्या मशीनवर पाठवू." आप्पा खुशीत घरी गेले. जाताना म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं?"

तेव्हापासून पिनाताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. चोराच्या मनात चांदणं. मनगट मोडलेला पेशंट आला, त्याची एक्स-रेची प्लेट उलटी लावली. वाडगं विसळलं, पुन्हा विसळलं. सफाईवाली म्हणाली, "ताई, आज काय ते भांडं झिजवायचं ठरवलंय का?" त्यांनी ते तिसऱ्यांदा विसळलं. बाजूचा फोटो सरळ आहे, मनाशी म्हणत होत्या. माणूस चालतोय, विनोद करतोय. आणि मनातली दुसरी बाई म्हणत होती, न हललेली चीर बाजूच्या फोटोत दिसतेच असं नाही, तूच नव्या मुलींना शिकवतेस. मग पहिली म्हणायची, नुसती कवळी सैल झालीय. दुसरी विचारायची, तू पाहिलंस का? नीट पाहिलंस का? आणि खरं उत्तर होतं, नाही. पाहिलं नाही, कारण न बघणं हीच त्या घरातली माया होती.

दुपारी बाहेरच्या बाकावर एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. बाळ झोपलेलं. तिचा नंबर आला, तिने बाळाला उचललं; एक हात पुढे, आणि दुसरा मागे, मानेखाली, डोकं लटकू नये म्हणून. रोज शंभर आया असंच उचलतात. पिनाताई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातातली प्लेट तशीच राहिली.

मागचा हात.

आप्पांचा सकाळी दुसरा हात कुठे होता? त्यांनी डोळे मिटले आणि ती खोली पुन्हा समोर आणली. हनुवटीखाली एक हात. आणि दुसरा डोक्याच्या मागे, पंजा पसरलेला. स्वतःचं डोकं स्वतःच्या दोन हातांनी उचलून आप्पा उठले होते. कवळी सावरायला एक हात पुरे. दुसरा मागे कशाला लागतो?

याचं उत्तर त्यांना पाठ होतं. जो म्हातारा माणूस उठताना आपलं डोकं आपल्याच हातांनी धरून उठतो, त्याच्या मानेवर वरच्या बाजूला काहीतरी सुटलेलं असतं, त्याचं शरीर त्याच्या आधी ते ओळखतं, असं त्यांच्या खात्यातल्या जुन्या मोठ्या बाईंनी त्यांना शिकवलं होतं, आणि त्यांनी पुढे कितीजणींना. इस्पितळात हे दिसलं असतं तर त्या फोटोआधी मानेला कॉलर लावून मोकळ्या झाल्या असत्या. घरात दिसलं, तर खिडकीची कडी काढत बसल्या.

त्या तडक डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. "डॉक्टर, सकाळी मी खोटं बोलले. तोंड उघडत होतं. मी त्यांचे दात काढायलाच लावले नाहीत. आणि उठताना त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं, तेही मी सांगितलं नाही."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट. "हे मला काय सांगताय, घरी फोन लावा. त्यांना उताणं झोपवा म्हणावं, आहे तिथे. मी गाडी काढायला सांगते."

फोन सासूबाईंनी उचलला. "ते होय? ते गेले त्यांच्या नेहमीच्या सलूनमध्ये. मान काही सुटेना, म्हणाले, आज दाढीबरोबर जरा मान मोकळी करून घेतो. त्याच्या हातात जादू आहे म्हणतात, एकदा कट् वाजलं की झालं."

आप्पांकडे मोबाइल नव्हता. सलूनचा नंबर कुणाकडे नव्हता. पिनाताईंनी भिंतीवरची कडक कॉलर ओढून घेतली, "गाडी बाजारामागच्या सलूनपाशी पाठवा," एवढं सांगितलं आणि अंगावरच्या इस्पितळाच्या कपड्यांनिशी रिक्षात बसल्या. बाजाराच्या तोंडाशी रिक्षा अडकली. पुढे टेम्पो, मागे टेम्पो, मध्ये एक सायकलवाला कुणाशीतरी भांडत होता. त्या उतरल्या आणि धावत सुटल्या. पन्नाशीची बाई, हातात गळपट्टा घेऊन भर बाजारातून धावते आहे, लोक वळून बघत होते. मनात एकच धोशा: तो आधी मागून मान चोळतो. मग कान ओढतो. मग डोक्यावर थापट्या मारतो. मान शेवटी. देवा, त्याने आज सगळं सावकाश केलेलं असू दे.

सलूनच्या काचेतून दिसलं ते असं. आप्पा खुर्चीत, गळ्याभोवती टॉवेल, डोळे मिटलेले, गाल गुळगुळीत. मागे सलूनवाला. त्याचा एक तळवा हनुवटीखाली होता आणि दुसरा डोक्यामागे. सकाळी आप्पांचे स्वतःचे हात होते तीच दोन ठिकाणं. तो सूर लावल्यासारखा मान किंचित इकडे, किंचित तिकडे डोलवत होता. पुढचा झटका या डोलण्यातूनच यायचा.

पिनाताईंच्या छातीतून किंकाळी वर आली आणि त्यांनी ती दाताखाली दाबली. ओरडलं तर आप्पा दचकून मागे वळतील. सलूनवाला दचकेल, आणि त्याच्या हातात काय आहे ते त्याला कुठे माहीत? त्या दार ढकलून आत शिरल्या, भिंतीला धरून पुढे सरकल्या आणि आरशाच्या कडेला, समोर, उभ्या राहिल्या. आवाज शक्य तितका साधा केला.

"दादा, हात आहेत तिथेच राहू द्या. फिरवू नका. काढूही नका. नुसते धरून ठेवा."

सलूनवाल्याचे हात थांबले. आप्पांनी डोळे उघडले.

"आप्पा, माझ्याकडे वळायचं नाही. आरशात बघा. आरशातून बघा माझ्याकडे."

"सूनबाई? घरी काही..."

"घरी सगळं ठीक आहे. आता बोलूही नका. तुमच्या मानेतलं एक हाड कदाचित तडकलंय. तडकलेलं नसलं तर मी तुमची माफी मागेन, पण तोवर हलायचं नाही."

आरशात आप्पांचे डोळे पिनाताईंवर खिळले. घाबरलेले डोळे होते. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी पाहिले नव्हते. सलूनवाल्याच्या कपाळावर घाम आला, तो पुसायलाही हात मोकळा नव्हता. "ताई, मी फक्त वाजवणार होतो," तो म्हणाला. "दर वेळी वाजवतो."

"माहीत आहे. आता वाजवायचं नाही. धरायचं."

पिनाताईंनी कॉलर त्याच्या हातांमधून सरकवून बसवली, पट्टे आवळले. गाडी आली, पेशंट उचलायची फळी आली. आप्पांना फळीवर घेतलं तरी सलूनवाला डोकं सोडेना. धरून ठेवा म्हणालात ना, म्हणाला, आणि खांद्यावर टॉवेल, हातांना तेल, असा गाडीत चढला. दुकान उघडंच राहिलं. इस्पितळात पोचेपर्यंत त्याने हात काढले नाहीत.

एक्स-रेच्या खोलीत गर्दी झाली. डॉक्टरीणबाई, गाडीवरचा माणूस, डोक्याशी सलूनवाला, दारात सफाईवाली, आणि तिच्यामागे धापा टाकत आलेल्या सासूबाई. कॉलरचा पुढचा भाग सैल केला, डॉक्टरीणबाईंनी शिशाचा झगा चढवून आप्पांचं डोकं स्वतःच्या हातात घेतलं. पिनाताईंनी वाडगं उचललं.

"आप्पा, दात काढा."

सलूनवाल्याने नजर भिंतीकडे वळवली. सफाईवालीने फडक्याची घडी घातली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

आप्पा छताकडे बघत होते. हळू आवाजात म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"लग्नाच्या वर्षापासून."

"ती सफरचंदं."

"हो."

"मला वाटायचं, हिच्याशिवाय कुणालाच नाही." मग म्हणाले, "मग सकाळी का नाही बोललीस, पोरी?"

पिनाताईंना वाटलं, शिवी दिली असती तर परवडलं असतं. तुमची लाज राखायला, असं म्हणावं, तर ती कुणाची लाज होती? वाडगं धरून त्या उभ्या राहिल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या वेळी त्यांनी मान फिरवली नाही. आप्पांनी हात वर नेला, आधी खालची काढली, मग वरची. वाडग्यात नाही टाकली. चाचपत चाचपत सुनेचा हात शोधला आणि तिच्या तळव्यावर ठेवली. अजून कोमट होती.

गाल आत गेले, ओठ आत गेले, आणि एका क्षणात आप्पा दहा वर्षांनी म्हातारे झाले. तरी त्यांनी आ केला, मोठा, अगदी घशापर्यंत.

फोटोत खुंटी स्वच्छ दिसली. तिच्या बुडाशी एक काळी रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत, केसाएवढी. जागची हललेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग सलूनवाल्याच्या हातांकडे पाहिलं. सलूनवाल्याला ते बघणं कळलं. तो बाहेर जाऊन बाकावर बसला आणि तेलकट हात मांडीवर उताणे ठेवून नुसता त्यांच्याकडे बघत राहिला.

आप्पांना शहरात नेलं, मोठ्या मशीनवर घातलं, हाड हललं नाही म्हणून कापाकापी टळली. कडक कॉलर मात्र दिवसरात्र, कित्येक आठवडे. बोलायचं बेतानं, खायचं मऊ, आणि कवळी पेल्यातच. पेला आता फळीवरून खाली आला, खिडकीत, सगळ्यांच्या देखत. सलूनवाला एक दिवसाआड घरी येऊन दाढी करून जायचा आणि कुणाचीच मान मोडणार नाही अशी शपथ घेतल्याचं दर वेळी सांगायचा. पिनाताईंची भिंगरी काही सुटली नाही. एकेका म्हाताऱ्यापाशी त्या आता आधी दार लावून घ्यायच्या, सगळ्यांना बाहेर घालवायच्या, आणि मग वाक्य म्हणायच्या. वाक्य तेच. घरी आल्या की आप्पा कसे उठतात ते दारात उभं राहून टक लावून बघायच्या, आप्पा वैतागेपर्यंत.

कॉलर निघाली त्या संध्याकाळी नवराही घरी आला होता. सासूबाईंनी सफरचंद चिरायला घेतलं. सवयीने, कागदासारख्या पातळ फोडी, चौघांच्या चार बश्या. आप्पा खुर्चीत बसून ते बघत होते. तोंडात कवळी नव्हती. नवऱ्याची नजर हळूच खिडकीकडे निघाली होती, ती आप्पांच्या आवाजाने थांबली. आवाज फुसका होता, स नीट येत नव्हता, पण घोषणा देताना थांबायचे तसे ते मध्ये थांबले.

"माझ्या अशाच राहू देत," ते बायकोला म्हणाले. "सूनबाईला जाड काप. तिचे दात तिचेच आहेत."